ऑटोकॅड, फ्रीकॅड की सॉलिडवर्क्स : कोल्हापुरात सुरुवात कशापासून करायची?

डिप्लोमाला किंवा आयटीआयला प्रवेश झाला की लगेच विषय निघतो, कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, क्लास कुठला लावायचा. राजारामपुरीत एक फेरी मारा, पाच-पाच सॉफ्टवेअरचं पॅकेज देणाऱ्या पाट्या दिसतील. पाचही एकदम शिकणाऱ्याला सहा महिन्यांनी एकही धड येत नाही, हे माझं स्पष्ट मत. एकच निवडा. आणि निवडताना एवढंच बघा, की तुमचं ड्रॉइंग शेवटी कुणाच्या हातात जाणार आहे.

ते आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर किंवा महापालिकेकडे जाणार असेल, तर फार डोकं खाजवू नका. ऑटोकॅड शिका. या धंद्यात फाइल डीडब्ल्यूजीतच (ऑटोकॅडच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) फिरते आणि ऑनलाइन बांधकाम परवानगीलाही नकाशा कॅड फाइल म्हणूनच लागतो. इंटिरियरकडे ओढा असेल तर जोडीला स्केचअप घ्या. त्याची ब्राउझरमधली आवृत्ती फुकट आहे आणि खोली कशी दिसेल हे मांडायला शिकण्यापुरती पुरते, फक्त त्यावर कमाईचं काम चालत नाही.

खरा घोळ उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडे बघणाऱ्यांचा होतो.

ऑटोकॅड १९८२ सालचं. त्याचा स्वभाव अजून ड्रॉइंग बोर्डाचाच आहे : रेष मारा, वर्तुळ काढा, नको ते छाटा. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. एल म्हणजे लाइन, ओ म्हणजे ऑफसेट, टीआर म्हणजे ट्रिम. महिनाभरात हात बसतो आणि मग वेग असा येतो, की साधी प्लेट किंवा गॅस्केट काढायला दुसरं काही उघडावंसं वाटत नाही. लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ (मशीनला वाचता येणारी रेषांची फाइल) दिली की काम झालं.

पण एक जॉब घेऊन बघा. बेअरिंगचं कव्हर आहे, ९० एमएम पीसीडीवर सहा भोकं. पीसीडी म्हणजे भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. पार्टीचा फोन येतो, पीसीडी ९६ करा. ऑटोकॅडमध्ये समोरच्या व्ह्यूतली भोकं हलवायची, मग सेक्शन (आतून कापून दाखवलेला व्ह्यू) दुरुस्त करायचा, मग डायमेन्शन तपासायचं. घाईत असलेला माणूस काय करतो? डायमेन्शनवर डबल क्लिक करून ९० च्या जागी ९६ टाइप करतो. कागदावर ९६ दिसतं, भूमिती ९० चीच राहते. लेझर मशीन आकडा वाचत नाही, रेष वाचतं. प्लेट ९० चीच कापली जाते आणि पत्र्याचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद सुरू होतो.

फ्रीकॅड, सॉलिडवर्क्स, फ्यूजन ही दुसऱ्या जातीची. इथे आधी स्केच काढायचं, त्याला मापं आणि बंधनं घालायची आणि त्यातून घन वस्तू उभी करायची. पीसीडीचा आकडा एका जागी बदलला की भोकं सरकतात, सेक्शन बदलतो, शीटवरचं मापही बदलतं. सुरुवातीला हे डोक्याला ताप वाटतं, कारण रेष मारून सुटका नसते. ती रेष कशाला बांधलेली आहे हेही सांगावं लागतं. फ्रीकॅडमध्ये स्केच पूर्ण बांधलं गेलं की हिरवं होतं, सॉलिडवर्क्समध्ये निळ्याचं काळं होतं. पहिल्या महिन्यात ध्येय एकच ठेवा : अर्धवट बांधलेलं स्केच पुढे न्यायचं नाही.

फाउंड्रीच्या गावात थ्रीडीला आणखी एक कारण आहे. ग्रे आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे मीटरला १० एमएम. त्यामुळे पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, तेवढा मोठा लागतो, वर मशीनिंगसाठी मटेरियल सोडायचं, शिवाय साच्यातून निघण्यासाठी उतार. पॅटर्न व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कापायचा असेल तर पॅटर्नवाला थ्रीडी मॉडेलच मागणार, सहसा स्टेप फाइल, जी बहुतेक थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

मग या तिघांत कुठलं? फ्रीकॅड फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि त्यावर धंद्याचं काम केलं तरी कुणी विचारत नाही. त्याची जुनी खोड अशी, की मागे जाऊन एक माप बदललं तर पुढची चॅम्फर (कडेला दिलेली तिरकी छाट) भलत्याच कडेवर जाऊन बसायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला आणि असेंब्लीही (सुटे भाग जोडून बघायची सोय) आत आली. म्हणून यूट्यूबवर शिकणार असाल तर १.० नंतरचेच व्हिडिओ बघा, जुन्यांत बटणंही जागेवर सापडत नाहीत.

फ्यूजन दिसायला सगळ्यांत सुबक. पण फाइली क्लाउडवर राहतात, तेव्हा नेट दगा देत असेल तर विचार करा. फुकट वैयक्तिक आवृत्तीत एका वेळी दहाच डॉक्युमेंट संपादित करता येतात आणि ड्रॉइंगला एकच शीट मिळते. शिकायला पुरे, पोट भरायला नाही.

सॉलिडवर्क्स १९९५ पासूनचं, फक्त विंडोजवर चालणारं आणि महागडं. एमआयडीसीतल्या डिझाइनच्या नोकरीवर डोळा असेल तर ते यावंच लागेल. तरी सुरुवात त्यानेच करा असं मी म्हणणार नाही. फ्रीकॅडवर स्केच बांधायची सवय लागली की सॉलिडवर्क्समध्ये बटणांच्या जागा तेवढ्या शिकायच्या उरतात. कॉलेजात लायसन्स असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बसून फुकट शिकून घ्या. ऑटोकॅडचंही विद्यार्थ्यांना एक वर्षाचं मोफत लायसन्स मिळतं आणि शिकत असेपर्यंत नवं करता येतं, फक्त त्यावर कमाईचं काम चालत नाही. पेन ड्राइव्हवरून येणाऱ्या क्रॅक कॉपीच्या नादी लागू नका.

म्हणजे मशीनिंग-कास्टिंगवाल्याने फ्रीकॅड आधी, मग ऑटोकॅडचा टूडी भाग, मग नोकरी मागेल ते. हुपरीच्या चांदीच्या कामाकडे जायचं असेल तर यातलं काहीच नको. नक्षीच्या वळणदार पृष्ठभागांसाठी रायनो हे सॉफ्टवेअर बघा.

क्लासची फी भरण्याआधी तिथल्या सरांना एक विचारा : फर्स्ट अँगल शिकवता का? कागदावर कुठला व्ह्यू कुठे मांडायचा याच्या या पद्धती : आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये चालतं, अमेरिकेत थर्ड अँगल. फ्यूजनमध्ये ड्रॉइंग उघडताना आयएसओऐवजी एएसएमई (अमेरिकन मानक) निवडलं गेलं तर बाजूचा व्ह्यू उलट्या बाजूला बसतो. जॉब दोन्हीकडून सारखा असेल तर खपून जातं, पण एका बाजूला कान असलेलं ब्रॅकेट असेल तर टर्नर-फिटर त्याच्या सवयीने वाचणार आणि कान भलतीकडे येणार. सर या प्रश्नावर अडखळले तर पुढची पाटी बघा.