मुंबईत राहून स्वतःचे स्की-बूट: एक हिवाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी स्वतःचे स्की-बूट विकत घेतले, तेव्हा घरी पहिला प्रश्न सासूबाईंनी विचारला: मुलुंडच्या घरात, जिथे थंडीतही स्वेटर क्वचितच बाहेर निघतो, तिथे या वस्तूचे काय काम? आता हे बूट गुलमर्गला आठ आणि औलीला पाच दिवस वापरून झाले आहेत आणि मुंबईचा एक पूर्ण पावसाळाही त्यांनी काढला आहे.

त्याआधीचे दोन हिवाळे मी भाड्याचे बूट वापरले. अनेक पायांनी वापरून त्यांच्या आतले मऊ अस्तर, म्हणजे लायनर, इतके दबलेले होते की प्रत्येक वळणावर टाच वर उचलली जाई, आणि ती उचलू नये म्हणून बकल आवळले की तासाभरात पाय बधिर होई. स्की, म्हणजे बुटाखाली जोडायची बर्फावर घसरण्याची लांब पट्टी, वळते ती तिची कड बर्फात रुतल्यामुळे, आणि ती कड रुतवायची ती नडगीने बुटाच्या पुढच्या भागावर दाब देऊन. टाच आतल्या आत हलत असेल, तर तो दाब स्कीपर्यंत उशिरा पोहोचतो. म्हणूनच स्की आणि काठ्या खुशाल भाड्याने घ्याव्यात, परंतु शक्य असेल तर बूट स्वतःचे असावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

बुटाचे माप तळपायाच्या सेंटिमीटरमधील लांबीवर ठरते. माझा तळपाय २५.३ सेंटिमीटरचा असल्याने मी २५.५ क्रमांक घेतला. नेहमीच्या बुटांच्या सवयीने एक क्रमांक मोठा घेण्याचा मोह झाला होता, तो टाळला हे बरे झाले. दुकानात लायनर काढून बुटाच्या नुसत्या बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचात पाय घातला, अंगठा पुढे टेकवला आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहिले; ती साधारण दीड ते दोन सेंटिमीटर असावी. पायाचा चवडा रुंद असल्यामुळे मी १०२ मिलिमीटर रुंदीचे कवच निवडले. बुटाचा ताठरपणा दाखवणारा फ्लेक्सचा आकडा मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. मुंबईच्या उकाड्यात प्लास्टिक नरम पडते आणि बूट आहे त्यापेक्षा मऊ भासतो, ही गोष्ट मला गुलमर्गच्या पहिल्या सकाळी कळली. घरी सहज वाकणारा बूट तिथे चांगलाच ताठ झाला होता, आणि पहिल्या दिवशी तो पायात चढवायला मला मुलीची मदत घ्यावी लागली. तेव्हापासून रात्री बूट खोलीतच ठेवते, पण बुखारीपासून, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपासून, लांब.

एक अडचण खरेदीच्या वेळी कोणीही सांगितली नव्हती. माझ्या बुटांचा तळ चालायला सोपा असा, किंचित गोलसर आणि रबरी पकडीचा आहे. असा तळ जुन्या पद्धतीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या जोडणीत, नीट बसत नाही, आणि तो बळजबरीने बसवला तर पडल्यावर बूट वेळेवर सुटेल याची खात्री राहत नाही. भाड्याच्या पहिल्या दुकानात सगळी बाइंडिंग जुनी होती आणि तिथल्या मुलाने ‘चालेल’ असे सांगितले. मी नकार दिला आणि अर्धा दिवस खर्चून दुसरीकडे योग्य जोड शोधला. गुडघा दुखावण्याचा प्रश्न असेल तिथे भिडस्तपणा नको. बाइंडिंग लावून घेताना टाचेजवळ कोरलेली तळाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगावी, वजन आणि उंची खरी सांगावी, आणि आपण शिकाऊ असू तर तेही स्पष्ट सांगावे.

गुलमर्गला, सुमारे २,६५० मीटर उंचीवर, पहिले तीन दिवस मी पायथ्याच्या सौम्य उतारावरच राहिले. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जातो, मात्र तिथला उतार माझ्यासारखीसाठी नाही. पूर्वी दुपारनंतर नडग्या ठणकत. या वेळी आठही दिवस संध्याकाळपर्यंत उतरत राहता आले, आणि हा आनंद मला फार मोलाचा वाटतो. मोजा एकच आणि पातळ घालावा. दोन लोकरीचे मोजे घातले की रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट अधिक गार पडतात. औलीला उतार मोकळा होता आणि समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर दिसत होते. बुटांविषयी तिथे वेगळे सांगण्यासारखे काही घडले नाही.

घराजवळचा सराव मी इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका ओळीत चाके असलेल्या स्केट्सवर, करते. रविवारी पहाटे, सोसायटीचे आवार रिकामे असताना, बाहेरच्या पायावर भार देऊन वळण्याची सवय टिकवता येते. बर्फावरचे घसरणे त्यातून येत नाही, तोल मात्र येतो.

खरी कसोटी पावसाळ्याची होती. कवचात पॉलियुरेथेन नावाचे प्लास्टिक असेल तर दमट, उष्ण हवेत ते वर्षानुवर्षे हळूहळू ठिसूळ होत जाते, आणि वरून धडधाकट दिसणारा बूट एखाद्या दिवशी उतारावरच तडकू शकतो. म्हणून मार्चमध्ये लायनर बाहेर काढून पंख्याखाली तीन दिवस वाळवले, ऊन आणि हीटर दोन्ही टाळले. नंतर कवचाचा आकार बिघडू नये म्हणून बकल हलके लावून बूट ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. दर पंधरवड्याला पिशव्या बदलल्या. जुलैमध्ये दोन आठवडे विसरले, तेवढ्यात एका लायनरच्या कडेला बुरशीचा करडा डाग उठला. तो पुसून निघाला, परंतु वास जायला ऑगस्ट उजाडला.

वर्षातून चार-पाच दिवसच जाणार असाल तर भाड्याचे बूटच परवडतात. खर्चापेक्षाही सांभाळण्याचे काम मोठे आहे. विमानात मी हे बूट सात किलोंच्या हातसामानातच नेते. जोडीचे वजन जवळपास चार किलो भरते, म्हणून उरलेल्या जागेत फक्त हातमोजे, गॉगल आणि औषधे बसतात. कालच डबा उघडून कवच वाकवून पाहिले. कुठे चीर नाही, फक्त डाव्या बुटाच्या वरच्या बकलचा स्क्रू सैल झाला आहे आणि तो जानेवारीपूर्वी घट्ट करून घ्यायचा आहे.