मैत्रीण गेली, तिचं फेसबुक अकाउंट मी सांभाळतेय: मेमोरियल प्रोफाइलचा रिव्ह्यू

आमच्या ग्रुपमधली सगळ्यात मनस्वी, कुणाच्या बापाचं न ऐकणारी आणि तरी सगळ्यांच्या गळ्यातला ताईत असलेली मैत्रीण गेली. तिने आधीच मला तिची लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे आपलं अकाउंट सांभाळणारी व्यक्ती, करून ठेवलं होतं, त्यामुळे तिचं फेसबुक अकाउंट मेमोरियल, म्हणजे तिची आठवण म्हणून जपलेलं, करून घ्यायचं आणि पुढे सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. आता ते बऱ्यापैकी वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्यावर ही वेळ येते त्यांना त्या दिवसांत शोधाशोध करायचं त्राण नसतं.

लेगसी कॉन्टॅक्टची सोय २०१५ पासून आहे. आपण जिवंत असतानाच सेटिंगमधे जाऊन एका माणसाचं नाव देऊन ठेवायचं, आणि आपल्यामागे अकाउंट ठेवायचंच नसेल तर ते कायमचं डिलीट करा असंही तिथेच सांगून ठेवता येतं. माणूस गेल्यावर एक फॉर्म भरून मृत्यूचा दाखला किंवा तसाच काही पुरावा जोडायचा. मग नावाशेजारी ‘रिमेंबरिंग’ असं दिसायला लागतं, वाढदिवसाचे रिमाइंडर बंद होतात, फ्रेंड सजेशनमधे तिचं नाव येत नाही आणि मुख्य म्हणजे त्या अकाउंटमधे कुणालाच लॉगिन करता येत नाही, पासवर्ड पाठ असला तरी नाही. अजून एक, ती व्यक्ती एखाद्या पेजची एकटीच अ‍ॅडमिन असेल तर ते पेजसुद्धा जातं. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी घरच्यांशी शांतपणे बोलून घ्या, घाई करू नका.

आता मला यातलं सगळ्यात काय आवडलं, तर तिने स्वतः लिहिलेलं मला बदलता येत नाही. माणूस गेला की लोक त्याला लगेच शहाणं, समंजस, आदर्श करून टाकतात बघा, आणि आमची बाई तशी अजिबात नव्हती. ती हातातली नोकरी सोडून महिनाभर गायब व्हायची, परत यायची ती कुणाच्या तरी ट्रकमधे पुढे बसून, पायातल्या चपला सॅकला बांधलेल्या, आणि आल्या आल्या आधी सगळ्यांना मिठ्या, मग अंघोळ. तिचे फोटो बघाल तर अर्धे तिरके, कोपऱ्यात हमखास अंगठा आलेला. ते सगळं तसंच आहे. रात्री पावणेचारला टाकलेली तिची एक पोस्ट आहे, फक्त ‘उठा रे, चंद्र बघा’ एवढीच, आणि खाली आम्ही सगळ्यांनी तिला झोपेतून उठवल्याबद्दल घातलेल्या शिव्या आणि प्रत्येकाला तिने दिलेलं वेगळं उत्तर, एकाला तर तिने फोन करून गच्चीवर पाठवलं होतं आणि तो खरंच गेला आणि तिथून त्याने फोटो टाकला. तो अख्खा धागा अजून जागेवर आहे. नुसत्या फोटोंच्या अल्बममधे हे सापडलं नसतं, तिचं बोलणं सापडलं नसतं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे ट्रिब्यूट्सचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, वेगळा विभाग, हा २०१९ मधे आला. लोक आता जे लिहितात ते तिथे जातं, तिच्या टाइमलाइनवर चढत नाही. तिथे कोण लिहू शकेल, कुणाला दिसेल हे मी ठरवू शकते, नको ते काढूही शकते. एकाने लिहिलं होतं की जरा सांभाळून जगली असती तर आज असती. ते मी काढलं, आणि परत कुणी लिहिलं तर परत काढेन. ती आजारपणाने गेली, जगण्याने नाही. एरवी तिथे इतकी माणसं येतात की काय सांगू, जिला तिने एकदाच प्रवासात शेजारी बसून धीर दिला होता अशीही एक मुलगी येऊन भरभरून लिहून गेली, आमच्यापैकी कुणाला ही गोष्ट माहीतच नव्हती.

लेगसी कॉन्टॅक्टला प्रोफाइल आणि कव्हर फोटो बदलता येतो, एक पोस्ट वर पिन करता येते. घरच्यांना नीट केस विंचरलेला फोटो हवा होता, मी वाऱ्यात केस उडालेला आणि तोंड उघडून हसतानाचा दाखवला, तिच्या आईने बघितला आणि म्हणाली, हाच लाव. पिन केलेल्या पोस्टमधे आम्ही सगळे कधी आणि कुठे भेटणार तेवढंच लिहिलं.

जे आवडलं नाही ते पण लिहिते. वाढदिवसाची आठवण सरसकट बंद होते. घरच्यांसाठी ते बरंच आहे, पण ज्यांना हवीय त्यांना चालू ठेवायचा पर्याय द्यायला काय हरकत होती? आम्ही शेवटी आपापल्या कॅलेंडरमधे टाकलाय तिचा वाढदिवस. आणि डेटा डाउनलोड करायचा तर त्या व्यक्तीने आधीच तशी परवानगी दिलेली लागते. तिने दिली होती म्हणून मिळाला. खाजगी मेसेज मात्र कुणालाच वाचता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे, तिने कुणाकुणाला काय सांगितलं ते त्यांचं त्यांच्याकडे राहू दे.

फेसबुक सोडून बाकीचंही बघून ठेवा. गूगलमधे इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, म्हणजे अकाउंट वापरात नसेल तर पुढे काय करायचं ते आधीच सांगून ठेवायची सोय, त्यात १० जणांपर्यंत नावं देता येतात, आणि ते सेट केलेलं नसेल तर २ वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल डिलीट करू शकतं, म्हणजे त्यातले फोटोही जाऊ शकतात. आयफोनवाल्यांना अ‍ॅपलचा लेगसी कॉन्टॅक्ट आहे, त्याला अ‍ॅक्सेस की (नाव देताना अ‍ॅपलकडून मिळणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतं, की कुठे ठेवलीय ते संबंधित माणसाला सांगून ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार वाढदिवसाचा कापला.