कार्पेट उचलून बघा: पुण्यात घेतलेल्या जुन्या जर्मन गाडीचा अनुभव

पुण्यात सेकंड हँड जर्मन गाडी घ्यायला निघाला असाल, तर टोकन देण्याआधी दोन गोष्टी करा. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट मुळापासून उचलून बघा, गाडी पुरात बुडाली असेल तर खूण तिथे सापडते. आणि चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली जुनी हिस्टरी मागा. ती मालकाला मिळते, म्हणून विकणाऱ्यानेच ती आणून द्यायची. दोन्हींपैकी एकालाही तो टाळाटाळ करू लागला, तर तिथून उठा. पुढचं सगळं प्रत्येकजण वाचेलच असं नाही, म्हणून हे आधी सांगून टाकते.

माझं कर्वेनगरात फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. सासूबाईंचा मणक्याचा त्रास आणि साताऱ्याला होणारं आमचं जाणं-येणं, यामुळे चांगल्या सीटची, धक्के न बसणारी गाडी हवी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायपासलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये एक जर्मन सेदान पाहिली. २०१८ चं मॉडेल, डिझेल, ऑटोमॅटिक, एअर सस्पेन्शन. नवी असताना साठ लाखांच्या पुढची गाडी, मागत होते साडेएकोणीस. व्यवहार अठरा लाख चाळीस हजारांना ठरला. “फर्स्ट ओनर आहे मॅडम, डॉक्टरांची गाडी, अठ्ठेचाळीस हजार फिरलीये फक्त.” पैसे माझे, गाडी माझ्या नावावर होणार, तरी शोरूमचा मालक प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचा. कागदपत्रांचे प्रश्न मीच विचारत होते आणि ते त्याला नको होते, हे आता कळतं.

तपासणीत आम्ही कसर ठेवली नव्हती. दिरांच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत होता. पेंटची जाडी मोजणारं मीटर त्याने सगळ्या पत्र्यांवर फिरवलं, कुठेही अपघाताची खूण नाही. एम-परिवहन या सरकारी ॲपवर मालकाचं नाव जुळलं, कर्जाचा बोजा नव्हता, चलन बाकी नव्हतं. चांदणी चौकापासून हायवेवर गाडी चालवून पाहिली, लोण्यासारखी पळाली. शोरूमने स्वतःहून स्कॅन रिपोर्टची, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेल्या बिघाडांच्या यादीची प्रिंट दिली: एकही फॉल्ट नाही. सगळं खरं होतं. पण नेहमीची तपासणी अपघात शोधते, आणि या गाडीला अपघात झालेलाच नव्हता.

महिनाभरातच एका सकाळी पार्किंगमध्ये गाडी पुढच्या डाव्या बाजूला टेकलेली दिसली. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी फुगा असतो. तो गळायला लागला की गाडी रात्रभरात खाली बसते. शोरूमवाल्याने लगेच एका गॅरेजचा नंबर दिला, “आपलाच माणूस आहे.” पुढचा स्ट्रट, म्हणजे फुग्यासकटचा अख्खा भाग बदलला, एक लाख बत्तीस हजार. थोड्या दिवसांनी फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर गेला म्हणाले. मग डाव्या हेडलाइटचं मॉड्यूल. मग बॅटरी, कारण बॅटरी अशक्त असेल तर सगळे सेन्सर वेडेवाकडे बोलतात असं सांगितलं. एअरबॅगचा दिवा मधूनच लागायचा, ते स्कॅनर लावून घालवायचे आणि म्हणायचे, सॉफ्टवेअरचं आहे.

प्रत्येक बिलासोबत तेच वाक्य यायचं: “या गाड्यांना मेंटेनन्स लागतोच, मॅडम.”

या वाक्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. माझी फसवणूक ज्या दिवशी झाली त्या दिवसापेक्षा या वाक्याने मला जास्त लुटलं. महागडी गाडी म्हणजे महागडा खर्च, हे आपण सगळे गृहीत धरून चालतो. साध्या हॅचबॅकचं एवढं बिल आलं असतं तर नातेवाईक, शेजारी, सगळे म्हणाले असते, काहीतरी गडबड आहे. इथे सगळ्यांनी मान डोलावली. चांगले शिकलेले लोकही म्हणाले, हत्ती पाळायचा तर चारा लागणारच. ज्याने ही गाडी विकली त्याला हे नेमकं ठाऊक होतं. दर महिन्याला काहीतरी बिघडलं तरी गिऱ्हाईक गाडीच्या ब्रँडला दोष देईल, विकणाऱ्याला नाही, हा त्याचा हिशेब होता. म्हणून असल्या व्यवहारांना आलिशान गाडीच सोयीची पडते.

पावसाळ्यात खंबाटकी घाटात गाडी लिंप मोडमध्ये गेली. गिअरबॉक्सला काही गंभीर वाटलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी एकाच गिअरमध्ये अडकून राहतो. डॅशबोर्डवर पिवळे-लाल दिवे, ॲक्सिलरेटर दाबला तरी ताकद नाही, मागे ट्रकांची रांग आणि मागच्या सीटवर सासूबाई. गॅरेजने यावर गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा मेंदू, बदलायचा अंदाज दिला, साडेतीन लाख. तोवर सव्वासहा लाख गेले होते. तेव्हा मी गाडी दुसरीकडे न्यायची ठरवली.

भोसरीत एक इलेक्ट्रिशियन काका आहेत, आयुष्यभर याच कंपनीच्या गाड्यांवर काम केलेले. त्यांनी आधी माझी फाईल मागितली. शोरूमने दिलेला तो स्कॅन रिपोर्ट बघताना त्यांचं बोट शेवटच्या ओळींवर थांबलं. “ताई, हे वाचलं का कुणी?” तिथे लिहिलं होतं, कोड (फॉल्टच्या नोंदी) क्लिअर केल्यापासूनचं अंतर, ११ किलोमीटर. म्हणजे आम्हाला दाखवण्याच्या जरा आधी गाडीतले सगळे फॉल्ट पुसले होते. इंजिनाचा संगणक हे अंतर आपोआप मोजत राहतो आणि साध्या स्कॅनरवरही ते दिसतं. महिनोन्‌महिने चाललेल्या, निरोगी गाडीत हा आकडा हजारांत असतो. शेकड्याच्या आत असेल तर विचारायलाच हवं की काल-परवा नेमकं काय पुसलंत.

मग त्यांनी ड्रायव्हरच्या दाराजवळची प्लास्टिकची पट्टी काढली, सीटचे चार बोल्ट खोलले आणि कार्पेट वर घेतलं. वरून कार्पेट स्वच्छ, शॅम्पूचा वास येणारं. खालचा जाड फोम कडक झालेला, त्याच्या उलट्या बाजूला बारीक तपकिरी गाळाचा पापुद्रा. सीट ज्या रेलवर सरकते तिच्या खाचेत तोच गाळ. बोल्टांच्या डोक्यांना नवा रंग, आट्यांना गंज. त्यांनी वायरिंगचा एक जाड कनेक्टर सोडवून माझ्या हातात दिला. तांब्याच्या पिनांवर हिरवट चुरा जमला होता, नखाने खरवडला की निघायचा. मग सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढायला सांगितला. जो भाग कधीच बाहेर येत नाही, तिथे पट्ट्यावर आडवी मळकट रेघ होती. पाणी तिथवर आलं होतं.

सगळे बिघाड तिथून निघत होते. या गाड्यांत दरवाजे, सीट, दिवे, सस्पेन्शन, एअरबॅग, गिअरबॉक्स, प्रत्येकाचं स्वतंत्र कंट्रोल युनिट असतं, ती सगळी वायरिंगने एकमेकांशी सतत बोलत असतात, आणि त्यातले कितीतरी जोड पायाखालच्या कार्पेटखालून जातात. पाणी ओसरून गाडी वाळली की ती चालू होते, छान चालतेही. पण पिना आतून सडत राहतात. दमट हवेत आज एक जोड दगा देतो, उद्या दुसरा. आमचा काढलेला कॉम्प्रेसर मी हट्टाने परत घेतला होता. काकांनी तो टेबलावर बॅटरीला जोडून दाखवला, व्यवस्थित चालत होता. सडला होता तो त्याच्याकडे जाणारा कनेक्टर. एअरबॅगच्या दिव्याचं कारणही तेच, आणि ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. इतके महिने त्या गाडीत माझी माणसं बसत होती आणि अपघात झाला असता तर एअरबॅग उघडली असती की नाही, कुणालाच सांगता आलं नसतं.

चासी नंबरवरून हिस्टरी काढायला मालक म्हणून मी स्वतः गेले. नोंद सापडली: जुलै २०२४ च्या अखेरीस सिंहगड रोडवरून टोइंग करून आणलेली, आत पाणी शिरलेलं, दुरुस्तीचा अंदाज एकवीस लाख, काम केलं नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडच्या एकता नगरीत कसं शिरलं हे पुणेकरांना सांगायला नको. ज्यांची घरं, गाड्या त्या पाण्यात गेल्या त्यांच्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. गाडीच्या मूळ मालकाचा यात काही दोष नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते, मालकाला पैसे मिळतात आणि बुडालेली गाडी सॅल्व्हेज, म्हणजे मोडीत निघालेला माल म्हणून विकली जाते. खरं तर तिथे नोंदणी रद्द होऊन गाडी भंगारात जायला हवी. नोंदणी रद्द झाली नाही, तर तीच आरसी वापरून धुतलेली, पुसलेली गाडी परत बाजारात येते. ॲपवर सगळं हिरवं दिसतं, कारण ॲपला पाणी माहीत नसतं.

कागदांवर याचा माग मात्र होता. जुनी विमा पॉलिसी वर्ष पुरं व्हायच्या आत संपलेली, त्यानंतर काही महिने काहीच नाही, आणि डिसेंबरात अचानक नुसती थर्ड पार्टी पॉलिसी आणि नवी पीयूसी. कुठलीही जुनी गाडी घेताना मागच्या पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि तारखांमधली अशी पोकळी शोधा. वापरातली गाडी अशी मधेच गायब होत नाही.

शोरूमवाल्याला जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आम्ही फक्त मध्यस्थ आहोत. गाडी त्यांची, घेतली तुम्ही.” तेव्हा पावत्यांचा अर्थ लागला. पैशांचा मोठा भाग त्याने एका तिसऱ्याच माणसाच्या खात्यात भरायला लावला होता आणि स्वतःच्या नावाची पावती फक्त ‘सेवाशुल्क’ म्हणून दिली होती. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या आधीच घेतलेल्या सह्या. कागदावर शोरूम कुठेच नाही. पण १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून प्राधिकारपत्र घेणं बंधनकारक आहे. मालकाने गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली की ती पुढे विकली जाईपर्यंत तेच मालक मानले जातात. हे पत्र बघायला मागा. आमच्या शोरूमकडे ते नव्हतंच. आणि पूर्ण रकमेची पावती ज्याच्याशी बोलणी केलीत त्याच्याच नावाने घ्या. तिसऱ्याच्या खात्यात पैसे टाका म्हणाला, तर व्यवहार थांबवा.

पोलीस चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची लेखी तक्रार तरीही दिली आणि पोच घेतली. ती पोच पुढे उपयोगी पडते, म्हणून हाकलून लावलं तरी लेखीच द्या. ग्राहक तक्रार जिल्हा आयोगात केली आहे. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तिथेच दाद मागता येते. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला शुल्क फक्त चारशे रुपये आहे, ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मी मात्र लावला आहे, कारण समोरच्याने ‘जशी आहे तशी’ विकली हा मुद्दा काढला आहे. त्यावर आमचं म्हणणं एवढंच की जशी होती तशी विकली असती तर कार्पेट धुवायची, बोल्ट रंगवायची आणि कोड पुसायची गरज काय होती?

गाडी भोसरीत उघडी करून ठेवली आहे. आयोगाने तज्ज्ञ नेमला तर त्याला सगळं जसं सापडलं तसं बघता यावं, म्हणून दुरुस्ती थांबवली आहे. तुमच्या गाडीतही असे एकामागून एक, एकमेकांशी संबंध नसलेले बिघाड निघत असतील, तर पुढचं बिल भरण्याआधी बदललेले जुने पार्ट परत मागून घ्या, ते तुमचे आहेत. कार्पेट कुणा तिसऱ्या, तटस्थ माणसाकडून उचलून घ्या, उचलताना व्हिडिओ करा, तारखेसकट. आणि वाट बघू नका. ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि गॅरेजच्या फेऱ्यांमध्ये ती भराभर संपते.