तान्ह्या मुलीला आणि साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला

एप्रिलच्या अखेरीस आम्ही ठाण्याहून कुडाळला मांडवी एक्स्प्रेसच्या थर्ड एसी डब्यातून गेलो. सोबत साडेचार वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी होती. कुडाळजवळ माझे माहेर आहे, त्यामुळे हा रस्ता मी लहानपणापासून एसटीने, मोटारीने आणि रेल्वेने केलेला आहे. पण दोन लहान मुलांना घेऊन निघाल्यावर गाडीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, आणि तीच दृष्टी ठेवून हा अनुभव लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. तान्हे मूल बरोबर असेल, तर कोकणात जाण्यासाठी सर्वांत वेगवान गाडी निवडू नये. ज्या गाडीत मुलाला दिवसाढवळ्या आडवे करता येते ती निवडावी. मांडवी एक्स्प्रेस तशी गाडी आहे.

सकाळी सातनंतर मुंबईहून निघणारी ही गाडी ठाणे, पनवेल, माणगाव, खेड, चिपळूण, रत्नागिरी असे थांबे घेत मडगावपर्यंत जाते. ठाणे ते कुडाळ हा प्रवास साधारण नऊ तासांचा धरून चालावे. वंदे भारत किंवा तेजस यापेक्षा कमी वेळ घेतात, आणि जनशताब्दीला 2017 मध्ये जोडलेल्या व्हिस्टाडोम डब्याच्या मोठ्या काचांतून दिसणारे कोकण खरोखर सुंदर आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मी आनंदाने त्या डब्यात बसवीन. परंतु या सगळ्या गाड्यांत आपल्या वाट्याला येते ती खुर्ची, आणि खुर्चीत दहा महिन्यांच्या मुलाला मांडीखेरीज दुसरी जागा नसते. ते झोपले की त्याच्याखाली आपला हात अडकतो, जागे झाले की त्याला रांगायचे असते, आणि मधली वाट खाद्यपदार्थांच्या ट्रॉल्यांची व माणसांच्या ये-जा करण्याची असते. कित्येक तास दोघांनी आळीपाळीने मूल मांडीवर घेणे आणि नऊ तास मोकळ्या बर्थवर त्याला लोळू देणे यांत मी दुसरा पर्याय घेईन, त्यासाठी तासाभराहून अधिक वेळ गेला तरी.

मांडवी ही दिवसाची गाडी असूनही तिला झोपण्याचे डबे आहेत, आणि तान्ह्या मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. दिवसा मधला बर्थ खाली पाडलेला असतो, त्यामुळे खालच्या बर्थवर तीन माणसे बसतात. आम्ही तिघांची तिकिटे काढली आणि पसंती नोंदवताना खालचा, मधला व वरचा असे तीन बर्थ मागितले. पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा नको असेल तर रेल्वे तिकीट आकारत नाही. मात्र त्याच्यासाठी बर्थ हवा असेल तर प्रौढांइतके पूर्ण भाडे भरून तो घेता येतो. पुष्कळ कुटुंबे हे पैसे वाचवतात, आणि रात्रीच्या गाडीत ते समजण्यासारखे आहे, कारण मूल आईच्या कुशीतच झोपते. दिवसाच्या गाडीत मात्र तिसरा बर्थ घेतल्याने खालचे संपूर्ण बाक, खिडकीपासून वाटेपर्यंत, आपल्याच कुटुंबाचे होते. कोणा अनोळखी प्रवाशाला सरकायला सांगावे लागत नाही, मूल झोपले आहे म्हणून संकोचाने अर्ध्या जागेत बसावे लागत नाही. त्या एका जादा तिकिटाने आम्हाला जे स्वास्थ्य मिळाले, ते पुढे कोठेही पैसे देऊन मिळाले नसते.

तिन्ही बर्थ एकाच बाजूला मिळतील याची हमी संगणक देत नाही, म्हणून आरक्षण खुले होताच तिकिटे काढणे हाच उपाय आहे. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली आहे. मे महिना आणि गणपती या दोन हंगामांत त्या साठाव्या दिवशी सकाळी बसूनच तिकीट काढावे लागते. बर्थचा क्रमांक निवडण्याची सोय नाही, तेव्हा डब्याच्या टोकाचे बर्थ मिळाल्यास मनाची तयारी ठेवावी, कारण तेथे दरवाजाची उघडझाप आणि शौचालयाकडे जाणाऱ्यांची वर्दळ मुलाची झोप मोडते. आमचे बर्थ डब्याच्या मध्यावर होते, हे आमचे भाग्य.

पनवेल मागे पडल्यावर मी झोळी बांधली. आईचे जुने सुती लुगडे मी मुद्दाम बरोबर ठेवले होते. समोरासमोरच्या वरच्या बर्थच्या लोखंडी आधारांना ते दुहेरी गाठीने बांधले आणि झोळीचा तळ खालच्या बर्थच्या उंचीपेक्षा थोडा खालीच राहील असे पाहिले, म्हणजे समजा काही झालेच तर मूल फार उंचावरून पडणार नाही. झोळी बांधण्यापूर्वी समोर बसलेल्या वयस्कर दाम्पत्याला विचारले, कारण तिच्यामुळे त्यांची पाय पसरण्याची जागा जाते. त्या आजींनी आनंदाने होकार तर दिलाच, शिवाय गाठ एकदा स्वतः ओढून पाहिली. हा प्रघात आपल्याकडे जुना आहे, तरी दोन गोष्टी आग्रहाने सांगते. झोळीत मूल असताना मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावरून उठू नये, आणि सिंथेटिक साडी किंवा ओढणी कधीही वापरू नये, कारण तिची गाठ सुटते. गाडीच्या हलण्यानेच झोळीला झोका मिळतो. मुलगी माणगावच्या आधी झोपली ती खेड गेल्यावर उठली. घरीसुद्धा ती सकाळी इतका वेळ झोपत नाही.

गेल्या वर्षी, मुलगी पोटात असताना, आम्ही एका खासगी कंपनीच्या रात्रीच्या स्लीपर बसने गेलो होतो. घाटात मुलाला तीनदा उलटी झाली, बस थांबवण्याची विनंती दोनदा नाकारली गेली, आणि पहाटे उतरलो तेव्हा त्याला चढलेला ताप दोन दिवस उतरला नाही. रेल्वेची गोष्ट निराळी. कोकण रेल्वेचा मार्ग सह्याद्रीच्या पायथ्याशी वळसे घेत बसत नाही. तो डोंगरांतून बोगदे काढून आणि दऱ्यांवर पूल बांधून सरळ नेलेला आहे. 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा त्यामागचे अभियांत्रिकीचे कर्तृत्व सर्वांनी वाखाणले. मला मात्र त्या कर्तृत्वाचा सर्वांत मोठा लाभ हा वाटतो की गाडी लागणाऱ्या मुलाच्या पोटातले पाणी येथे हलत नाही. मुलाने पूर्ण प्रवासात एकदाही मळमळते असे म्हटले नाही.

बोगद्यांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण लहान मुलांच्या बाबतीत तेथे पूर्वतयारी लागते. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. तो पार करायला चार-पाच मिनिटे लागतात. मोठ्यांना ही मिनिटे जाणवत नाहीत; पण बाहेर अचानक अंधार होतो, आवाज बदलतो आणि तान्ह्या मुलाच्या कानाला दडे बसण्याचा संभव असतो. विमानात करतात तेच येथेही करावे, म्हणजे बोगदा येण्याच्या बेताला मुलाला अंगावर पाजावे किंवा वाटीने पाणी पाजावे, कारण गिळण्याच्या क्रियेने कान मोकळे होतात. मुलगी पहिल्या मोठ्या बोगद्यात दचकून रडली, पुढे तिला छातीशी घेतल्यावर शांत राहिली. मुलाला मी आधीपासून बोगदे मोजायचे काम दिले होते. त्याला वीसच्या पुढचे आकडे नीट येत नाहीत, म्हणून प्रत्येक वीस झाले की वहीवर एक रेघ ओढायची असे ठरले, आणि त्या वहीने त्याचा जवळजवळ सगळा दिवस भरून काढला. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल येतो. त्या वेळी त्याला खिडकीशी उभे करावे, खाली झाडांचे शेंडे दिसतात.

खाण्याच्या बाबतीत मांडवीचे नाव कोकणात आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पेंट्रीतून दिवसभर काही ना काही येत राहते. उपमा, शिरा, कटलेट, ऑम्लेट, वडे, सूप, दुपारी बिर्याणी, असा क्रम चालू असतो आणि पदार्थ गरम असतात. साडेचार वर्षांच्या मुलाचे त्यात उत्तम भागले. शिरा आणि ऑम्लेट त्याने मागून खाल्ले. उपमा मात्र त्याला तिखट लागला. तान्ह्या मुलाची व्यवस्था आपणच करावी. मी घरून भाजून दळलेल्या तांदूळ-मुगाचे पीठ, नाचणीचे सत्त्व, मेतकूट आणि छोटा थर्मास नेला होता. पेंट्रीच्या कर्मचाऱ्याने मागितल्यावर थर्मास उकळत्या पाण्याने भरून दिला, त्यावर मुलीची दोन वेळची पेज झाली. रेल्वेने 2016 मध्ये जननी सेवा या नावाने काही स्थानकांवर गरम दूध, गरम पाणी आणि बाळाचे खाणे उपलब्ध करण्याची योजना सुरू केली होती. तिचा हेतू अतिशय चांगला आहे, पण दोन मिनिटांच्या थांब्यात मूल घेऊन फलाटावर उतरणे शहाणपणाचे नाही, तेव्हा भिस्त आपल्या पिशवीवरच ठेवावी.

आता जे असायला हवे आणि नाही, त्याविषयी. थर्ड एसीत पडदे नसतात, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला खिडकीकडची बाजू आणि मोठे दुपटे यांचाच आधार असतो. शौचालयात बाळाचे लंगोट बदलण्यासाठी घडीची फळी असावी ही काही मोठी मागणी नव्हे. हमसफर गाड्या सुरू झाल्या तेव्हा त्यांत अशी सोय देण्यात आली, म्हणजे ती अशक्य नाही हे रेल्वेलाही ठाऊक आहे. 2022 मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेला छोटा बेबी बर्थ प्रायोगिक तत्त्वावर बसवला गेला. कल्पना साधी होती. आईच्या शेजारी मुलाला कडेला कठडा असलेली जागा. ती सर्व लांब पल्ल्याच्या गाड्यांत यायला हवी, असे मला मनापासून वाटते. तोवर मेणकापड अंथरून बर्थवरच लंगोट बदलावे. वापरलेले डायपर शौचालयात टाकू नये, याबद्दल मात्र पालकांनाच सांगावेसे वाटते. डब्यांत आता जैव-शौचालये आहेत, टाकीतील जिवाणू मैल्याचे विघटन करतात, आणि डायपर किंवा ओले वाइप्स आत गेले की ती यंत्रणा तुंबते. कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून ते कचराकुंडीतच टाकावे.

वातानुकूलित डब्यातला गारवा दुपारी वाढतो, म्हणून एप्रिलमध्येही कुंची, मोजे आणि घरची गोधडी जवळ असावी. थंडीच्या महिन्यांत मी साध्या स्लीपर डब्याचा विचार करीन. उघड्या खिडकीतून येणारा वारा आणि वास ही कोकणच्या प्रवासाची निम्मी गंमत आहे, आणि खिडकीला गज असतात. उन्हाळ्यात आणि पावसात मात्र तान्ह्यासाठी एसीच बरा. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, त्यामुळे प्रवास लांबतो हेही लक्षात घ्यावे. एरवीही रोहा ते वीर हा पट्टा सोडला तर पुढे मार्ग एकेरी असल्याने समोरच्या गाडीसाठी थांबावे लागते. तेव्हा अन्नपाणी दोन तास जास्तीचे धरून न्यावे.

उतरण्याची तयारी आम्ही सिंधुदुर्ग स्थानक येताच सुरू केली, कारण कुडाळचा थांबा लहान आहे. मुलगी माझ्या छातीशी कापडी पट्ट्यात बांधलेली, दोन्ही हात मोकळे. मुलाचा हात त्याच्या बाबांच्या हातात. सामान दोनच पिशव्यांत, पाठीला. बाबागाडी आम्ही नेली नव्हती, आणि कोणीही नेऊ नये असे मी म्हणेन, कारण पादचारी पुलांवर तिचे ओझेच होते. मुलाने वहीवर चार रेघा पूर्ण केल्या होत्या आणि फलाटावर आजोबांना ती वही दाखवण्याआधी त्याने पायातली चप्पलही नीट घातली नाही.

परतीला आम्ही रात्रीची कोकणकन्या घेतली. गाडी चांगली आहे, मुले झोपूनही आली. परंतु ठाणे पहाटे येते, आणि गाढ झोपेतल्या दोन मुलांना उचलून, अंधारात रिक्षा शोधत घर गाठल्यावर पुढचा सबंध दिवस दोघांची चिडचिड चालू राहिली. मोठ्यांची सुट्टी वाचते, मुलांचा दिवस जातो. म्हणून दिवाळीला जाता-येता मांडवीच घ्यायची असे ठरवले आहे. तोवर मुलाला पाच वर्षे पूर्ण झालेली असतील, तेव्हा बर्थ नको असेल तर त्याचे अर्धे आणि हवा असेल तर पूर्ण तिकीट लागेल. आमच्या हिशेबात त्याने काही फरक पडत नाही. खालचा, मधला आणि वरचा, तेच तीन बर्थ पुन्हा मागणार आहोत.