बेडकाचे अंडे की कोंबडीचे?

फलित अंड्यापासून भ्रूण कसा घडतो हे पाहायचे असेल, तर आरंभाच्या टप्प्यांसाठी बेडकाचे अंडे निःसंशय सरस ठरते. त्याला टणक कवच नसते. पारदर्शक चिकट आवरणातून साध्या भिंगानेही विभाजनाच्या, म्हणजे अंडे पेशींत विभागले जाताना उमटणाऱ्या, रेषा दिसतात. पहिली रेषा वरच्या गडद भागातून सुरू होऊन खाली उतरते; मात्र खालच्या फिकट भागात बलक दाटलेला असल्याने तिथे ती रेंगाळते, आणि म्हणूनच वरच्या पेशी लहान व खालच्या मोठ्या होतात.

कोंबडीच्या अंड्यात बलक इतका प्रचंड असतो की विभाजन त्यावरील काही मिलिमीटरच्या पांढुरक्या चकतीपुरतेच उरते. शिवाय अंडे घातले जाईपर्यंत त्या चकतीत हजारो पेशी झालेल्या असतात, म्हणजे आरंभ आपल्या हातून निसटलेलाच असतो. पुढचा भाग मात्र विलक्षण आहे: सुमारे ३७.५ अंश सेल्सिअसला उबवलेल्या अंड्याच्या कवचाला तिसऱ्या दिवशी खिडकी पाडली, की बलकावर पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात धडधडणारा लाल ठिपका, म्हणजेच हृदय, नुसत्या डोळ्यांनी दिसते. पिल्लू २१व्या दिवशी पूर्ण घडून बाहेर येते. बेडकाचा भ्रूण टॅडपोल, म्हणजे शेपटीचे पिल्लू, होऊन लवकर बाहेर पडतो आणि उरलेली घडण पाण्यात पुरी करतो.