आईच्या इरकलचा फ्रॉक आणि नौपाड्यातली जिन्याखालची टेलरबाई

दुकानाला नाव नाही. बोर्डावर 'लेडीज व चिल्ड्रन टेलर, पिको-फॉल, इंटरलॉक' एवढंच आहे, आणि त्यातला 'इंटरलॉक' नंतर वेगळ्या रंगाने लिहिलेला. ठाण्यात, राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. आत दोन मशीन, एक इस्त्री, आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला एक फरशी. दुसरं गिऱ्हाईक पायरीवर थांबतं.

आधी निकाल सांगतो. लहान मुलांचे कपडे शिवायचे असतील तर बिनधास्त जा. ब्लाउज टाकावा का, हे माझ्या बायकोला विचारा. तिचं मत माझ्याइतकं चांगलं नाही.

आमचं काम असं होतं. आईची एक सुती इरकल, काळपट हिरवी, लाल गोमी काठाची, तिच्या मागे कपाटात नुसती पडून होती. नेसायला कुणी नाही, टाकवत नाही. नात पाच वर्षांची, ऐरोलीला राहते. तिला फ्रॉक शिवू म्हटलं. राम मारुती रोडवरच्या काचेच्या दुकानांत हल्ली 'आजीच्या साडीचा फ्रॉक' म्हणून तयार कपडे टांगलेले असतात, किंमत विचारली की आजी आठवते. तसला एक उलटून पाहिला होता. आत शिवणीपाशी पाव इंचसुद्धा कापड सोडलेलं नव्हतं. पोरगी सहा महिन्यांत त्यातून बाहेर.

टेलरबाईंनी साडी घेतली आणि पहिल्यांदा काय केलं, तर ट्यूबलाइटसमोर धरून हात हात सरकवत सगळी पाहिली. नेसून नेसून बसायच्या जागी कापड विरतं, ते घडीत कळत नाही, उजेडापुढे जाळीसारखं दिसतं. तेवढ्या भागावर त्यांनी साबणाच्या चिपेने फुल्या मारल्या आणि म्हणाल्या, "काका, हे वापरायचं नाही. इथे शिवलं तर पहिल्या धुण्यात शिवणीशेजारून फाटेल, आणि तुम्ही मला बोलाल." मग विचारलं, "मूल कुठंय?" जुना फ्रॉक मापाला आणला होता, तो बाजूला ठेवला. मूल आणा. आणलं.

आता मला यातलं काय कळतं, असं वाटेल. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं, पण दहावीपर्यंत मी घरी शिवलेल्या कपड्यांशिवाय काही घातलेलं नाही. चरईत आमचं एकत्र कुटुंब, पाच मुलं, आणि शिवणारी एक काकू. हप्त्याने घेतलेली काळी उषा मशीन, हाताने फिरवायची. चाक फिरवणं आणि सुईत दोरा ओवणं ही कामं माझी, कारण माझे डोळे चांगले आणि मला खेळायला कमी बोलवायचे. काका परळच्या गिरणीत. गिरणीच्या दुकानातून कामगारांना कापड स्वस्त मिळायचं, तेव्हा दिवाळीआधी एक तागा यायचा आणि त्यातून सगळ्यांचं निघायचं: मुलांचे शर्ट, मुलींचे फ्रॉक, उरलं तर रेडिओवरचं आच्छादन. रेडिओसुद्धा आमच्यातलाच वाटायचा. पाचहीजण एका पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात तलावपाळीवर गेलो की हरवायची सोय नव्हती. (ठाण्यात रेमंडची गिरणी होती, 1925 पासूनची, पण माल लोकरीचा. आमच्या चड्ड्यांना तिचा काही उपयोग नव्हता.)

काकूचे काही नियम होते. चड्डीला खिसा एकच, उजवीकडे. दोन खिसे म्हणजे गोट्यांनी दोन भोकं. टेप घरात होता, पण माप वितीने. बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, खाली चार बोटं दुमड. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ती दुमड उसवायची. उसवली की खाली गडद पट्टा दिसायचा, कारण तेवढं कापड ऊन आणि साबण न लागता राहिलेलं. मुलींच्या फ्रॉकवर त्या रेघेवर नागमोडी लेस बसायची. मुलांना लेस कशी लावणार? आम्ही पट्टा घेऊन शाळेत जायचो. वर्गात कोण किती वाढलं ते चड्डीवर मोजता यायचं. शर्टाची कॉलर घासून विरली की ती उसवून उलटी करून परत शिवायची. आतली बाजू कोरी निघायची. आतलं कडक बक्रम तेच, कॉलर नवी. मला त्या उलट्या कॉलरची लाज वाटायची असं लिहायला हवं, कारण सगळे तसं लिहितात. पण वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच गत होती, कोण कुणाला हसणार?

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमच्या घरात त्याचा अर्थ असा की तागा बंद झाला आणि काकूची मशीन बाहेरच्यांसाठी चालू झाली. चाळीतल्या बायकांचे परकर, ब्लाउज, उशांचे अभ्रे. त्या दिवाळीत आम्हाला कापड आलं ते काकाच्या दोन जुन्या लेंग्यांचं. आमच्यातल्या धाकट्याचा शर्ट तीन जणींच्या परकरांमधून उरलेल्या तुकड्यांचा होता, बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी. हल्ली तसल्या शर्टाला हजार-दीड हजार पडतात. गिऱ्हाइकांच्या चिंध्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय काकूने कधी ठेवल्या नाहीत, पिशवीत घालून परत.

म्हणून टेलर कसा आहे ते मी दोन गोष्टींवरून ठरवतो: आत किती सोडतो आणि बाहेर किती परत देतो.

इरकलच्या फ्रॉकला खरी अडचण होती ती खालच्या काठाची. काठ घेरावर दिसायला हवा, मग चार बोटं दुमड कुठे घालणार? काठच आत जाईल. मी हे विचारायच्या आधी बाईंनी काठाच्या वर, कापडात, दोन आडव्या टका, म्हणजे शिवून बसवलेल्या घड्या, घातल्या, लांब टाक्याने. प्रत्येक टक दीड सेंटिमीटरची, म्हणजे उसवली की तीन सेंटिमीटर मिळतात. दोन्ही मिळून सहा. या वयात मूल वर्षाला साधारण तेवढंच वाढतं. टका दिसतातही छान, मुद्दाम नक्षी केल्यासारख्या. पूर्वी मुलींच्या परकरांना अशाच टका असायच्या, आमच्या बहिणीच्या होत्या. बाजूला इंचभर माया, काखेत थोडी जास्त. आतून मऊ वॉयलचं अस्तर, आणि गळ्याची शिवण अशी बंद की पोरीला कुठे टोचत नाही. बाह्या पदराच्या. काज हाताने केलेली, ती बाईंचे सासरे करतात, एका खुर्चीत बसून, कुणाशी न बोलता.

परत काय आलं? पिशवीभर. तळहाताएवढे तुकडेसुद्धा. फुल्या मारलेला विरलेला भाग वेगळा घडी घालून: "गोधडीत आत घाला, चालेल."

आता तक्रारी. सांगितलेल्या दिवशी काम होत नाही. गुरुवार म्हणाल्या की तो पुढच्या आठवड्यातला धरायचा, आणि फोन केला तर "इस्त्री चाललीय" हे उत्तर, जे बहुधा खरं नसतं. बाह्यांचं इलॅस्टिक घट्ट झालं होतं, दंडावर वळ उठले. ते तिथल्या तिथे उसवून सैल करून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण मूल समोर उभं करून माप घेतल्यावर असं व्हायला नको होतं. शिलाई साडेचारशे, अस्तर आणि इंटरलॉक वेगळं, हे आधी बोलून घ्या, नाहीतर हातात चिठ्ठी आली की भुवया वर जातात. काचेच्या दुकानातल्या किमतीच्या मानाने काहीच नाही, तरी.

मुलग्यांचे शर्ट त्या घेत नाहीत. का विचारलं तर म्हणाल्या, कॉलरचा व्याप नको.

पाडव्याच्या स्वागतयात्रेआधी महिनाभर तिकडे फिरकू नका, सगळं ठाणं लहान मुलींच्या नऊवाऱ्या घेऊन त्या पायरीवर उभं असतं. नवरात्रातही तेच. साडी द्यायची तर धुऊन द्या, स्टार्च न करता. सोमवारी बंद. आणि इमारत पुनर्विकासाला निघाली आहे, दुकान कुठे हलणार ते अजून ठरलेलं नाही, तेव्हा गेलात तर पावतीच्या मागे बाईंचा फोन नंबर लिहून घ्या. पावतीवर छापलेला नंबर जुना आहे.