घटनेनंतरचं डीब्रीफिंग, हेल्पलाइन की महिन्याची केस-बैठक?

हिंसाचारातून आलेल्या बायका-मुलांसोबत काम करणारी छोटी टीम तुम्ही सांभाळत असाल, किंवा रुग्णवाहिका, अग्निशमन, शवविच्छेदन अशा कामातली माणसं तुमच्या हाताखाली असतील, तर हा प्रश्न तुमच्यापुढे कधी ना कधी येणारच. कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी म्हणून वर्षाकाठी थोडेसे पैसे हाताशी असतात. ते कशावर खर्च करायचे? आमच्या समुपदेशन केंद्रात हा निर्णय मला घ्यावा लागला, म्हणून लिहितोय.

ऐकून ऐकून माणूस आतून बदलतो, हे या कामातल्या कुणाला पटवून द्यायला नको. मॅकॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्येच त्याला ‘व्हायकेरियस ट्रॉमा’ असं नाव दिलं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन नियमावलीत तर मृतदेहांचे अवशेष गोळा करणारे आणि बालअत्याचाराचे तपशील पुन्हा पुन्हा ऐकावे लागणारे पोलीस ही उदाहरणं पीटीएसडीच्या (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराच्या) निकषातच आली. त्यामुळे ‘मन घट्ट करायला शिका’ हा सल्ला आता वरिष्ठांनीही देऊ नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा मुलाला न्यायालयात वारंवार साक्षीला बोलावू नये असं बजावतो. तीच हकिकत ऐकणाऱ्या समुपदेशकानं किती वेळा ऐकावी, याचा विचार मात्र कुणी केलेला नाही. तो आपल्यालाच करायचा आहे.

पहिला पर्याय डीब्रीफिंगचा. अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. मोठी घटना घडली की दोन-तीन दिवसांत सगळ्यांना गोल बसवायचं आणि ठरलेल्या सात टप्प्यांतून न्यायचं: काय पाहिलं, मनात काय आलं, सगळ्यात वाईट काय वाटलं, वगैरे. व्यवस्थापनाला हे सोयीचं पडतं, कारण एक दिवस, एक तज्ज्ञ आणि एक बिल एवढ्यात काम होतं. शिवाय संस्थेनं आपली दखल घेतली, ही भावनाही खरी असते. आमच्याकडे एका लहान मुलीच्या केसनंतर ते झालं तेव्हा चहाच्या वेळी बऱ्याच दिवसांनी सगळे मोकळेपणानं बोलत होते, हेही नमूद करतो.

पण त्यातली एक गोष्ट मला खटकली ती खटकलीच: फेरी. प्रत्येकानं आपापल्या पाळीनं सांगायचं. बोलायचं नसेल तर ‘पास’ म्हणायची मुभा होती. पण शेजारचीनं रडत रडत सांगितल्यावर आणि समोर वरिष्ठ बसलेले असताना ‘पास’ कोण म्हणणार? त्या दिवशी आमच्या नोंदणीच्या टेबलावरची मुलगीही गोलात होती. तिनं त्या केसची फाइल कधी उघडलीही नव्हती. नाव, पत्ता, तारीख एवढंच तिचं काम. फेरी संपली तेव्हा त्या लहान मुलीबरोबर काय काय झालं हे तिला बारकाव्यांसकट ठाऊक झालं होतं. ज्या त्रासापासून वाचवण्यासाठी हा खटाटोप केला, तोच आम्ही एका नव्या माणसाच्या पदरात टाकला. पुढचे बरेच दिवस ती दुपारचा डबा एकटीच खायची.

संशोधनही डीब्रीफिंगच्या बाजूनं फारसं बोलत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्यानं एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगमुळे पीटीएसडी टळत नाही असा निष्कर्ष काढला. ऑक्सफर्डमधल्या रस्ते-अपघातग्रस्तांच्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात, सुरुवातीला जास्त हादरलेल्या ज्या लोकांचं डीब्रीफिंग झालं, ते उलट अधिक काळ त्रासात राहिले. हे अभ्यास मुख्यतः पीडितांच्या एकेकट्या सत्रांवरचे आहेत, मदत करणाऱ्यांच्या गटांवरचे नाहीत. तेव्हा यावरून आपल्या टीमबद्दल छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. मला मात्र ती नोंदणीवाली मुलगी पुरेशी होती.

हेल्पलाइनबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता झोप उडते तेव्हा याहून चांगलं काही नाही, म्हणून तो क्रमांक आमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. पण संस्थेनं एवढ्यावरच भागवलं तर सगळा भार त्या एकट्या माणसावर येतो: त्रास तुझा, फोनही तूच कर. आमचे गाडीचे चालक काका मुलींना तपासणीसाठी रुग्णालयात नेतात, पुढच्या सीटवर बसून मागचं सगळं ऐकतात. ते असा फोन करतील असं मला वाटत नाही.

तिसरा पर्याय महिन्याच्या केस-बैठकीचा. याचं मूळ मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमधल्या फॅमिली डॉक्टरांसाठी चालवलेल्या गटांत आहे. तिथं डॉक्टर रुग्णाच्या आजारापेक्षा त्या रुग्णामुळे आपल्या मनात काय होतंय यावर बोलत. आम्ही तेच आमच्यापुरतं बसवून घेतलं. एका वेळी एकच केस. चालवणारी व्यक्ती बाहेरची. मी किंवा कुणीही वरिष्ठ आत बसत नाही. कागदावर काही लिहायचं नाही. आणि एक नियम पक्का: प्रसंगाचा तपशील सांगण्याआधी विचारायचं, ‘हे ऐकायची तुमची तयारी आहे का? की एवढ्यावरच थांबू?’ बहुतेक वेळा तपशिलाची गरजच पडत नाही, असं मला बाहेर आल्यावर सांगतात.

एका बैठकीनंतर आमच्या एका ताईंनी स्वतःहून येऊन मला सांगितलं की त्यांनी आपल्या मुलीला क्लासला एकटीनं पाठवणं बंद केलंय, रिक्षावाले काकाही आता नको वाटतात. हे त्यांनी बैठकीत सांगितलं तेव्हा आणखी दोघींनी आपापल्या घरचं तसंच सांगितलं होतं. कुणालाही हा कामाचा परिणाम वाटला नव्हता. आपण जरा जास्तच काळजी करतो, एवढंच वाटत होतं. असलं काही मोठ्या घटनेनंतरच्या फेरीत येत नाही. कारण ते एका घटनेनं होतच नाही, रोजच्या साध्या फायलींनी साचत जातं.

अडचणी आहेत. पहिल्या काही बैठका कंटाळवाण्या जातात, लोक घड्याळ बघतात. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगली चालवणारी व्यक्ती मिळणं अवघड, मिळाली तर तिचं मानधन दर महिन्याचं. मार्चअखेर आली की पहिली काट याच बैठकीवर पडते. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना एकत्र बसवणं तर खरंच कठीण आहे.

आणि काही ठिकाणी मी स्वतःही वेगळं निवडेन. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा यंत्रं वर नेता येत नव्हती, माणसांनी हातांनी ढिगारे उपसले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. अशा कामावरून परतणाऱ्या शिस्तबद्ध तुकडीला ब्रिटिश रॉयल मरिन्सनी वापरात आणलेली ट्रिम पद्धत अधिक जुळेल असं वाटतं. त्यात तुकडीतलाच प्रशिक्षित सहकारी काही दिवसांनी आणि पुन्हा महिन्याभरानं झोप, चिडचिड, दारू यांची विचारपूस करतो आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवतो. सगळ्यांना गोलात रडवत नाही.

तुमच्याकडे रोज फायली येत असतील आणि पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर मी केस-बैठकीकडे झुकेन. दर माणशी केसेस दुप्पट झाल्या असतील तर मात्र तेच पैसे आधी आणखी एक माणूस घेण्यासाठी मागा. तो भार कुठल्याच बैठकीनं उतरत नाही. बैठक ठरवलीत तर ती ड्युटीच्या वेळेतच ठेवा, सुट्टीच्या दिवशी नको. आणि त्या दोन तासांसाठी बदली चालकाची सोय करा, म्हणजे गाडीवाले काकाही बसू शकतील.